पारचा पूल

शताब्दी वर्षात एका दिवसाची सहल निघाली ती प्रतापगडाखालच्या पार गावी. रामवरदायिनीचं दर्शन झालं, पण मंडळी रमली ती कोयनेवरच्या दगडी पुलावर.

महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधवून घेतला. पूलही शिवकालीनच मानतात. कोकणातून वर येणारी जुनी वाट या पार घाटाची. १६५९ला अफझलखानाचा तळही इथेच पडला होता. पुढे इंग्रजांनी आंबेनळीचा रस्ता काढला, वाहतूक तिकडे गेली. पूल वाचला त्याला हेही एक कारण असावं.

खाली उतरून बघा. पाणी येतं त्या अंगाला खांब नांगराच्या फाळासारखे निमुळते आहेत, म्हणजे पुराचा लोंढा आदळत नाही, दुभंगून कमानींतून निघून जातो. महाबळेश्वरचा पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय त्यालाच याची किंमत!

याच डोंगरातून निघालेली सावित्री. महाडजवळचा तिचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला, सोबत दोन एसटी गाड्या माणसांसकट. ही आठवण निघाली तशी टाळकरी गप्प झाले. आपली वारी भर आषाढातली, दिंडी असल्या किती पुलांवरून जाते! पारच्या पुलाचे सांधे, पाया दरसाल कुणीतरी जाणत्यानं तपासावा, असं पत्र ग्रामपंचायतीला द्यायचं तिथंच ठरलं. मसुदा विणेकरीबुवांनी केलाय.