नमुना 32 आणि पोलिसांची जीप

बारामती-इंदापूरकडे एखादी जुनी जीप ‘पोलिसांची’ म्हणून विकायला निघते, तेव्हा घेणारा हौशी माणूस आधी रंग पाहतो. रंगावर विसंबू नये. तो कोणताही पेंटर चढवून देतो. निर्लेखित, म्हणजे सेवेतून काढलेल्या, पोलीस गाडीचा इतिहास लिहायचा तर कागदांपासूनच सुरुवात करावी लागते.

पहिला कागद आरसी बुक. सरकारी गाडीच्या मालकाच्या रकान्यात सहसा माणसाचे नाव नसते, हुद्दा असतो. हे दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलीस दलात मोडतात, तेव्हा इथल्या ठाण्याची म्हणवणारी गाडी त्याच दलाकडून निघालेली असायला हवी. दुसरा कागद अधिक बोलका, आणि त्याकडेच लोकांचे दुर्लक्ष होते. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 57 व्या नियमानुसार जाहीर लिलावात गाडी घेणाऱ्याने ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत नमुना 32 मध्ये अर्ज करायचा असतो. सोबत विक्रीचा दाखला आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत. खाकीतून खाजगी हातात गाडी कधी आली, ते इथे कळते. नियम लागू झाल्यानंतर विकलेल्या गाडीबाबत यातले काहीच दाखवता येत नसेल, तर ‘पोलिसांची’ हे विशेषण मी ऐकीव मानतो.

नंबरप्लेटही तपासावी. राज्याच्या एमएच अक्षरांपुढे कार्यालयाचा आकडा, ही पद्धत 1 जुलै 1989 पासूनची. म्हणून 1975 ची सांगितलेली जीप बारामतीचा एमएच-42 मिरवत असेल, तर तो नंबर तिला मागाहून मिळाला, एवढे नक्की. कशासाठी, हे पैसे मोजण्याआधी विचारावे.

गाडीचे अंग मात्र कागदाइतके प्रामाणिक राहत नाही. महिंद्राने 1949 मध्ये मुंबईत माझगावला विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, आणि पुढे जीप म्हणजे सरकारी गाडी असेच समीकरण झाले. लिलावातून निघालेली जीप गावाकडे शोभेला ठेवायला कोण घेणार? ती वडापला, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतुकीला, लागायची. पेट्रोलचा खर्च परवडेना की डिझेल इंजिन बसायचे, आणि पुस्तकातला इंजिन नंबर पुस्तकातच राहायचा. अशी जीप मूळ रूपात आणणे हे गॅरेजइतकेच आरटीओतले काम आहे.

जुलै 2021 च्या व्हिंटेज नियमांनी या हौसेला चौकट दिली: पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूप टिकलेली गाडी, आणि नव्या नोंदणीला 20,000 रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मग जानेवारी 2023 ची अधिसूचना आली. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांपुढच्या सरकारी गाडीची नोंदणी टिकत नाही. तिने अधिकृत भंगार केंद्रात जायचे. कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या चिलखती व विशेष गाड्या यातून वगळल्या. खाजगी मालकाला मात्र 15 वर्षांनंतर फेरनोंदणीची वाट मोकळी आहे.

म्हणजे 2008 साली पोलिसांत नोंदलेली साधी बोलेरो 2023 मध्ये मोडीत निघाली. व्हिंटेज व्हायला तिला 2058 उजाडले असते. हौशी माणसाच्या वाट्याला आता मुख्यतः 1 एप्रिल 2023 आधी लिलावात सुटलेल्या गाड्याच उरतात, आणि त्यांतही नमुना 32 जपून ठेवलेल्या.