विकास आराखडा आणि नववीचा वर्ग

महाराष्ट्रात शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांचा विचार करून केला जातो. मुंबईचा सध्याचा आराखडा 2034 पर्यंतचा आहे आणि त्याला मंजुरी मिळाली 2018 मध्ये. त्या वर्षी आठवीत असलेली मुलगी आराखड्याची मुदत संपेल तेव्हा तिशीला टेकलेली असेल. तिची शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, कदाचित संसारही, सगळे त्या आराखड्याने ठरवलेल्या रस्त्यांवर आणि आरक्षणांत घडणार. पण तो ठरत असताना तिच्या वयाच्या मुलांना काही विचारण्याची रीतसर पद्धत आपल्याकडे नव्हती; आजही नाही. ही उणीव ज्यांना खुपते, त्यांच्यासाठी शहर-नियोजनातला मुलांचा सहभाग हे अभ्यासक्षेत्र आहे. वास्तुरचना, भूगोल, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, बालहक्कांचे काम, यांपैकी कोणत्याही वाटेने इथे येता येते, आणि शाळेतले शिक्षक तर इथे सर्वांत आधी हवेत.

या विषयाचा पाया घातला नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी. 1960 साली ‘द इमेज ऑफ द सिटी’ लिहून त्यांनी माणसे शहर डोक्यात कसे बाळगतात याचा शोध घेतला होता. पुढे 1970च्या दशकात युनेस्कोच्या प्रकल्पातून त्यांनी हाच प्रश्न ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पोलंडमधल्या किशोरवयीन मुलांपुढे ठेवला. मुलांनी आठवणीतून आपल्या भागाचे नकाशे काढले, दिवस कुठे-कसा जातो ते सांगितले, संशोधकांना आपल्या गल्लीबोळांतून फिरवून आणले. हाती आलेले निष्कर्ष नियोजनकारांना बुचकळ्यात टाकणारे होते. मेलबर्नच्या उपनगरातल्या मुलांना मोकळी जागा मुबलक होती, तरी ती कंटाळलेली होती. अर्जेंटिनातल्या साल्टा शहरातल्या लास रोसास या साध्याशा वसाहतीतली मुले मात्र आपल्या जागेबद्दल आपुलकीने बोलत होती. चौरस मीटर मोजून मुलांची गरज भागत नाही, हे 1977 साली पुस्तकरूपाने जगापुढे आले.

1990च्या दशकात लुईस चावला यांनी हे काम पुन्हा उभे केले आणि त्यात भारतही आला. बंगळूरच्या सत्यनगर या वस्तीत डेव्हिड ड्रिस्केल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांबरोबर काम केले. पाणी आणि स्वच्छतेची वानवा असलेल्या त्या वस्तीबद्दलही मुले आपलेपणाने बोलली. तिथली माणसे, सोबती, रस्त्यावरची वर्दळ त्यांना मोलाची वाटत होती. पण त्या म्हणण्याचे रूपांतर प्रत्यक्ष बदलात करताना अडथळ्यांवर अडथळे आले. ड्रिस्केल, बॅनर्जी आणि चावला यांनी 2001 साली त्या अडथळ्यांवरच लेख लिहिला. नवख्या अभ्यासकाने यशाच्या कहाण्यांआधी तो वाचावा असे मला वाटते.

दुसरा प्रवाह हक्कांचा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क संहितेतले बारावे कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताची दखल घेतली जाण्याचा हक्क देते. भारताने ही संहिता 1992 मध्ये स्वीकारली. त्याच वर्षी रॉजर हार्ट यांनी शेरी आर्नस्टीन यांच्या 1969च्या मांडणीवरून मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या हार्ट सहभागात धरतच नाहीत: मुलांना हाताशी धरून आपलेच म्हणणे वदवून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे, आणि नावापुरते बोलू देणे. ‘माझे स्वप्नातले शहर’ या विषयावर चित्रकला स्पर्धा होते, बक्षिसे वाटली जातात, फोटो निघतात आणि चित्रे कपाटात जातात, तेव्हा आपण या तीन पायऱ्यांवरच असतो. मुलांना हे लगेच कळते. एकदा फसवणूक झाल्याचे जाणवले की ती पुढच्या वेळी मोठ्यांना हवे तेच उत्तर देतात.

मुंबईतल्या कामाची दखल इथे घ्यायलाच हवी. अर्जुन अप्पादुराई यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘पुकार’ संस्थेने तरुणांसाठी फेलोशिप चालवली. तिच्यात तरुणांचे गट आपल्याच परिसरातला विषय निवडून त्यावर संशोधन करतात. संशोधन हा सर्वांचा हक्क आहे, ही अप्पादुराईंची भूमिका त्यामागे आहे. याच संस्थेतल्या स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवरच्या प्रकल्पातून 2011 चे ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक आले. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे हे पुस्तक किशोरवयीन मुलींचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. तेरा-चौदाव्या वर्षी मुलग्यांचे शहर वाढत जाते आणि मुलींचे आक्रसते. आराखड्यात ‘खेळाचे मैदान’ असे आरक्षण पडले की नियोजनकाराचे काम संपते. तिथे संध्याकाळभर मुलग्यांचे क्रिकेट चालते आणि मुली कडेच्या वाटेने घरी जातात, हे नकाशावर कुठेच उमटत नाही.

ते उमटते मुलींच्या हाताने. नववीच्या वर्गात कोरे कागद द्या आणि घर ते शाळा हा रस्ता आठवणीतून काढायला सांगा. मोजपट्टी देऊ नका. काय आधी काढले, काय मोठे काढले, कुठे रेघ वळसा घेऊन गेली, ते पाहा. मग तो वळसा का, एवढेच विचारा. उत्तर बंद पडलेल्या दिव्याचे असेल, टवाळखोरांच्या कट्ट्याचे असेल, सार्वजनिक शौचालयासमोरच्या रांगेचे असेल. त्यानंतर सगळ्या वर्गाचे वळसे एकाच मोठ्या नकाशावर उतरवा. महापालिकेच्या अभियंत्याला दिवा नेमका कुठे हवा हे सांगणारा याहून चांगला कागद मला माहीत नाही.

हा कागद कधी द्यायचा, याला फार महत्त्व आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे आधी विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण होते, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. प्रारूप बाहेर येईपर्यंत जमिनींची गणिते बरीचशी बसलेली असतात. तेव्हा सर्वेक्षणाच्या टप्प्यावर मुलांना घेतले तर त्यांच्या माहितीचा खरा उपयोग होतो. मुंबईचे 2015चे प्रारूप चुकांमुळे सरकारला मागे घ्यावे लागले. उभ्या इमारतींवरून रस्ते आखल्याच्या तक्रारी तेव्हा लोकांनी केल्या होत्या. अशा चुका रोज त्या रस्त्याने चालणाऱ्या पोरांच्या नजरेतून सुटल्या नसत्या.

हरकत किंवा सूचना कोणीही व्यक्ती लेखी देऊ शकते. कायद्याने त्याला मतदाराच्या वयाची अट घातलेली नाही. तुमच्या शहराचा प्रारूप आराखडा प्रदर्शित होईल तेव्हा एखाद्या शाळेचा वर्ग घेऊन तो पाहायला जा. मुलांच्या सूचना त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच सहीने मुदतीत दाखल करा, पोच घ्या आणि सुनावणीला त्यांना सोबत न्या. त्यांच्या म्हणण्यातले काय स्वीकारले, काय नाकारले आणि का, हे विचारून ते मुलांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीही तुमचीच धरा.