मळीचा गोडवा

नाताळ जवळ आला की अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या विन्स्टन-सेलम नगरीत आले, लवंग आणि दालचिनी यांचा सुवास दरवळू लागतो. मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाचे लोक तेथे मसालेदार बिस्किटे भाजतात. साखर काढून घेतल्यावर मागे उरणाऱ्या काळसर मळीत पीठ भिजवायचे, ते कागदासारखे पातळ लाटायचे आणि पत्र्याच्या साच्यांनी तारे, हृदये, प्राणी कापायचे, अशी ही रीत.

या बिस्किटांचे कूळ मध्य युरोपातील. न्यूरेंबर्गसारख्या नगरांत असा मसालेदार खाऊ मधात घडत असे. १७४१ साली पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम व १७६६ साली सेलम वसविणाऱ्या मोरेव्हियनांनी ती चव बरोबर आणली. अमेरिकेत मात्र मळी मुबलक आणि स्वस्त होती. मधाची जागा तिने घेतली. ही मळी येई ती मुख्यतः कॅरिबियन बेटांवरून. तेथील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत असत.

मनाला चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. याच गुलामांना शुभवर्तमान सांगण्यासाठी मोरेव्हियन धर्मप्रचारक १७३२ साली सेंट थॉमस बेटावर गेले होते. तरीही पुढे त्या मंडळीने तेथे स्वतःच गुलाम बाळगले, सेलममध्येही बाळगले. २००६ साली तिच्या अमेरिकेतील दक्षिण प्रांताने त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

सणाच्या ताटातील गोडवा कोणाच्या घामातून आला, हा प्रश्न गव्हाणीपुढे गुडघे टेकणाऱ्यांना टाळता येत नाही.