हा अडकित्ता कुठला? 'प्रादेशिक शैली' लिहिण्याआधी थोडं थांबा

भौतिक संस्कृतीवर संशोधन करायचं ठरवलं की पहिल्याच प्रस्तावात एक शब्दप्रयोग हमखास येतो: 'प्रादेशिक शैली'. कोकणी शैली, देशावरची शैली, गुजराती शैली. वाचायला बरं वाटतं, गाइडही मान डोलावतात. पण एखादी वस्तू अमुक प्रदेशाची आहे हे आपण नक्की कशावरून म्हणतो? आजच्या पोस्टमध्ये हाच प्रश्न एका छोट्या वस्तूच्या आधाराने पाहू. वस्तू म्हणजे आपला अडकित्ता.

तुलनेसाठी आधी इटलीत डोकावू. तिथल्या खिशातल्या घडीच्या चाकूंच्या प्रादेशिक शैली प्रसिद्ध आहेत. सार्डिनियातल्या पात्तादा गावच्या चाकूचं पातं एका झुडपाच्या पानासारखं निमुळतं असतं आणि मूठ शिंगाची. टस्कनीतलं स्कार्पेरिया, फ्रिउलीतलं मानियागो, मोलिझेतलं फ्रोसोलोने ही गावंच चाकूंसाठी ओळखली जातात. तिथल्या अभ्यासकाकडे 'हे इथलंच' म्हणायला कागद आहेत. स्कार्पेरियाच्या चाकू-कारागिरांच्या संघाची नियमावली १५३८ ची आहे. मानियागोत १४५३ मध्ये ओढ्याचं पाणी कालव्याने वळवलं गेलं आणि त्यावर पुढे लोहारकाम वाढलं. म्हणजे तिथे 'शैली' हा शब्द नुसत्या आकारावर उभा नाही. संघ, नियम, पाणी आणि बाजार यांचा आधार त्याला आहे.

आता आपल्याकडे या. अडकित्ता म्हणजे शाळेत पाठ केलेली 'दुसऱ्या प्रकारची तरफ'. एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला हाताचा जोर आणि मधे सुपारी. वरच्या दांडीला पातं, खालची दांडी आधाराला. यंत्र म्हणून एवढंच. पण चंचीत किंवा पानाच्या डब्यात कायम सोबत असणारी ही वस्तू कारागिरांनी किती तऱ्हांनी घडवली! साध्या लोखंडी अडकित्त्यापासून पितळी मोर, पोपट, घोडे, स्त्री-पुरुषांच्या जोड्या, घुंगरं लावलेले दांडे, इथपर्यंत. नावंही प्रदेशागणिक बदलतात. हिंदीत सरौता, गुजरातीत सूडी, बंगालीत जाँति, कानडीत अडकत्तरी, तमिळमध्ये पाक्कुवेट्टी. कानडीत 'अडके' म्हणजे सुपारी, आणि आपल्या 'अडकित्ता' शब्दाचा पहिला भाग तिथलाच. थोडक्यात, ज्याला आपण अस्सल मराठी वस्तू समजतो तिचं नावच सीमा ओलांडून आलेलं आहे. शब्द फिरतो तशी वस्तूही फिरते, हे इथे लक्षात ठेवा.

संग्रहालय काय दाखवतं आणि काय नाही

महाराष्ट्रात अडकित्ते पाहायचे तर पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठावं लागतं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. दिवे, दौती, वज्रया, अडकित्ते. लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हे संग्रहालय उभं केलं आणि पुढे सगळा ठेवा राज्य सरकारच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ होते. स्वयंपाकघरातलं आणि पानाच्या डब्यातलं जपणारे फार थोडे. हे ऋण मोठं आहे.

पण संशोधक म्हणून एक गोष्ट ओळखायला हवी. संग्राहकाची नजर देखण्या वस्तूवर जाते. सॅम्युएल आयलेनबर्ग या नामवंत गणितज्ञानेही भारत आणि आग्नेय आशियातले अडकित्ते जमवले, त्यावर हेन्री ब्राउनरिग यांचं देखणं पुस्तक आहे. तिथेही निवड सुंदर वस्तूंची. मग आपल्या समोर जो पुरावा येतो तो गाळून आलेला असतो. शंभर घरांतले साधे लोखंडी अडकित्ते भंगारात गेले आणि एक पितळी मोर कपाटात पोचला, तर 'इथली शैली मोराची' असं लिहिणं कितपत खरं? तो मोर अपवाद होता म्हणूनच तर टिकला!

मोहन्याचं उदाहरण

दुसरी अडचण समजून घ्यायला लांब जायला नको. आमचं मोहने घ्या. उल्हास नदीकाठचं आगरी-कोळी वस्तीचं गाव. नॅशनल रेयॉन कंपनी आली तशी देशाच्या वेगवेगळ्या भागांतली माणसं इथे कामाला आली आणि स्थिरावली. २००९ मध्ये कंपनी बंद पडली, कित्येक कुटुंबं पांगली. आता समजा, इथल्या एका घरात नक्षीची सूडी मिळाली. तिची नोंद 'प्राप्तिस्थान: मोहने, ता. कल्याण' अशी होईल. नोंद खरी आहे. पण पन्नास वर्षांनी कोणी त्यावरून 'कल्याण परिसराची शैली' असा निष्कर्ष काढला तर? ती सूडी कदाचित जामनगरची असेल. तिथल्या सूड्या प्रसिद्धच आहेत. एखाद्या सुनेच्या माहेराहून ती आलेली असू शकते.

म्हणून चार जागा नेहमी वेगळ्या लिहा: वस्तू घडली कुठे, विकली गेली कुठे, वापरली कुठे आणि मिळाली कुठे. बहुतेक नोंदवह्यांत फक्त चौथी असते आणि आपण ती पहिली समजून चालतो.

घडली कुठे हा प्रश्नही सरळ नाही. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये घिसाडी समाजाचं वर्णन आहे. हे फिरते लोहार. गावाबाहेर पाल टाकायचं, भाता लावायचा, विळे-कोयते शेवटून द्यायचे आणि पुढे निघायचं. कारागीरच फिरता असेल तर त्याच्या हातची शैली कुठल्या तालुक्याच्या नावावर टाकणार?

कागद कुणाचे उरतात

आता परत इटलीकडे. तिथे १९०८ मध्ये टोकदार चाकू जवळ बाळगण्यावर कायद्याने कडक बंधनं आली, आणि कारागीर टोक छाटलेली पाती करू लागले. म्हणजे आज आपण ज्याला 'पारंपरिक आकार' म्हणून कौतुकाने पाहतो, त्यातला काही भाग पोलिसांच्या धाकाने घडलेला आहे. आपल्याकडे १८७८ च्या शस्त्र कायद्यात तलवारी, खंजीर, भाले आले. पुढे १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं आली, पण घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. अडकित्ता या जाळ्यात कधी आलाच नाही.

कारागिराच्या दृष्टीने हे बरंच झालं. इतिहासकाराची मात्र पंचाईत. सरकार ज्याला भितं त्याच्या याद्या करतं. खंजिराची नोंद जप्तीत, खटल्यात, परवान्यात सापडते. अडकित्त्याची सापडत नाही. हळदीच्या नवरदेवाच्या हातात काही समाजांत कट्यार देतात, तर काही ठिकाणी अडकित्ता. विधीत दोन्हींचं काम एकच, पण दफ्तरात एकच दिसते.

मग करायचं काय?

पहिलं, नक्षीआधी सांधा पाहा. खिळा कसा ठोकलाय, पातं पितळेत बसवलंय की दांडीतूनच काढलंय, कुठे डाग दिलाय, कुठे पातं बदललंय. नक्षीची नक्कल पटकन होते, हाताची सवय तितक्या सहज बदलत नाही. दुसरं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'हा किती जुना?' असं विचारू नका, उत्तर 'खूप जुना' असंच येतं. 'हा घरात कुणी आणला, धार कुणाकडून लावायचात?' असं विचारा. तिसरं, साध्या, गंजलेल्या, मोडक्या अडकित्त्याचीही तितक्याच काळजीने मोजमापं घ्या, फोटो काढा.

तिसरं काम सगळ्यात घाईचं आहे. पान कुटणारी आणि सुपारी कातरणारी पिढी आता थोडीच उरली आहे. कातरलेली सुपारी पाकिटात मिळते, त्यामुळे अडकित्ता माळ्यावर जातो आणि घर पाडून इमारत उठली की भंगारात. वस्तू गेली तरी एखादी दुसरीकडे मिळेल. पण ती कुणाच्या माहेरची, हे सांगणारी आजी गेली की आपल्याकडे उरते फक्त चौथी जागा.

मराठीत पेचात पडण्याला 'अडकित्त्यात सापडणं' म्हणतात. पुरावा कमी आणि निष्कर्षाची घाई, या दोन दांड्यांमध्ये प्रत्येक नवा संशोधक कधी ना कधी सापडतो. अशा वेळी प्रबंधात 'प्राप्तिस्थान माहीत, निर्मितीस्थान अनिश्चित' असं सरळ लिहा. परीक्षक त्याबद्दल गुण कापत नाहीत. 'कोकणी शैली' असं ठोकून दिलंत, तर मात्र व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येईल.