मॅक्रो प्रोसेसर : एका श्रमबचतीचा इतिहास आणि त्यातला बोध



निकाहनाम्याचा छापील फॉर्म आपण सर्वांनी पाहिलेला आहे. मजकूर ठरलेला असतो आणि मध्ये कोऱ्या जागा सोडलेल्या असतात : वराचे नाव, वधूचे नाव, मेहेरची रक्कम, वकील, साक्षीदार. काझीसाहेब दर निकाहाला सारा मजकूर नव्याने लिहीत बसत नाहीत. कोऱ्या जागा भरल्या की दस्तऐवज तयार होतो. संगणकाच्या क्षेत्रात नेमके हेच काम करणारे एक साधन आहे. त्याला मॅक्रो प्रोसेसर म्हणतात. आज आपली अनेक मुलेमुली संगणकाचे शिक्षण घेत आहेत. या साधनाचा इतिहास त्यांना आणि आपल्यालाही काही शिकवण्यासारखा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम गरज काय होती ते पाहू. १९५० च्या दशकात संगणकाला काम सांगायचे म्हणजे एकेक बारीकसारीक आज्ञा लिहावी लागे. दोन संख्यांची बेरीज करायची, तर पहिली संख्या स्मृतीतून आणा, दुसरी तिच्यात मिळवा, उत्तर पुन्हा स्मृतीत ठेवा, अशा तीन आज्ञा होत. पुढे असेम्ब्लर आले. त्यांच्यामुळे आकड्यांच्या जागी अक्षरी संक्षेप लिहिता येऊ लागले, परंतु एका ओळीला एक आज्ञा हा हिशेब तसाच राहिला. त्याच त्या आज्ञांचे गट पुन्हापुन्हा उतरून काढावे लागत आणि उतरताना चुका होत. तेव्हा कल्पना निघाली की अशा गटाला एकदाच एक नाव द्यावे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फक्त नाव लिहावे आणि त्या जागी पूर्ण मजकूर भरण्याचे काम यंत्राने करावे. या नावालाच मॅक्रो म्हणतात. प्रोग्रामचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा तो कंपायलर. मॅक्रो प्रोसेसर त्याच्याही आधी येतो, मजकूर विस्तारून देतो आणि बाजूला होतो.

मोठ्या गोष्टीला छोटे नाव देऊन पुढे जाण्याची ही युक्ती ज्ञानाच्या जगाला नवी नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्यात चिन्हे नव्हती, सर्व गणित शब्दांत मांडलेले होते. ज्या संख्येचा शोध घ्यायचा तिला ते 'शय्' म्हणजे 'वस्तू' म्हणत. हा शब्द आपल्या घरच्या उर्दूतही आहे. अज्ञाताला नाव दिले की त्याच्याशी हिशेब करता येतो, हे त्या पद्धतीचे मर्म होते. संगणकशास्त्रातला 'अल्गोरिदम' हा शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. १९६० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांचा या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. मॅक्रोची सोय असेम्ब्लरपुरती ठेवण्याचे कारण नाही, कंपायलरच्या भाषांनाही ती जोडता येईल, असे त्यांनी दाखवले. एका मॅक्रोच्या पोटात दुसरा मॅक्रो असावा, अमुक अट पुरी झाली तरच मजकूर घालावा, यादीतल्या प्रत्येक नावासाठी तोच मजकूर पुन्हा घालावा, अशा सोयी त्यांनी मांडल्या. कोऱ्या जागांचा साधा फॉर्म आता बराच हुशार झाला.

यानंतरचे महत्त्वाचे नाव इंग्लंडमधील ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांचे. त्यांची हकीगत पालकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. केंब्रिज विद्यापीठात शिकताना त्यांनी फारशी चमक दाखवली नव्हती. पुढे काही वर्षे ते शाळेत शिक्षक होते. हॅरो येथील शाळेत शिकवत असतानाच १९५१ च्या सुमारास ते फावल्या वेळात संगणकाकडे वळले आणि सोंगट्यांचा ड्राफ्ट्स हा खेळ खेळणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला. परीक्षेतले गुण हाच माणसाच्या बुद्धीचा शेवटचा निकाल नसतो, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. पुढे केंब्रिजमध्ये सीपीएल नावाच्या भाषेचा कंपायलर तयार करण्याचे काम चालू असताना त्यांनी त्या कामासाठी एक सर्वसाधारण मॅक्रो-जनक रचला. त्याचे वर्णन १९६५ साली प्रसिद्ध झाले. हा मॅक्रो-जनक कोणत्याही एका भाषेला बांधलेला नव्हता. त्याच्या लेखी समोरचा मजकूर म्हणजे केवळ अक्षरांचा प्रवाह. मॅक्रोचे नाव आले की त्याचा विस्तार करायचा, विस्तारलेला मजकूर पुन्हा तपासायचा, त्यात आणखी मॅक्रो असेल तर तोही विस्तारायचा. एवढी ताकद असलेले हे साधन यंत्राच्या सुमारे २५० आज्ञांत मावत होते!

१९७० साली अमेरिकेतील विल्यम वेट यांनी स्टेज-टू या आपल्या मॅक्रो प्रोसेसरचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रोग्राम मॅक्रोंच्या भाषेत लिहावा आणि यंत्र बदलले की प्रोग्राम तसाच ठेवून फक्त मॅक्रोंच्या व्याख्या बदलाव्यात, ही त्यामागची दृष्टी होती. नवे यंत्र आले म्हणून जुनी मेहनत वाया जाऊ नये, हा त्यातला व्यवहार.

बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 'सी' ही भाषा घडवली. तिला १९७२-७३ च्या सुमारास प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरच्या आधी मजकुरावर काम करणारा भाग, जोडण्यात आला. आरंभी तो दोनच कामे करी : दुसऱ्या फाइलमधील मजकूर आणून घालणे आणि नावाच्या जागी साधा मजकूर भरणे. कोऱ्या जागा असलेले मॅक्रो त्यात नंतर आले. १९७७ साली ब्रायन कर्निहन आणि रिची यांनी 'एम-फोर' हा स्वतंत्र मॅक्रो प्रोसेसर सादर केला. ही दोन्ही साधने आजही वापरात आहेत.

यातला फायदा सहज पटेल. समजा, शाळेच्या कारभाराचा प्रोग्राम आहे आणि एका वर्गात ४० विद्यार्थी ही मर्यादा त्यात शंभर ठिकाणी लिहिली आहे. उद्या मर्यादा ५० झाली तर शंभर ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल, आणि एखादी राहून जाईलच. त्याऐवजी सर्वत्र 'वर्गमर्यादा' हे नाव लिहिले असेल तर एकाच ठिकाणी बदल पुरतो.

परंतु मित्रांनो, खरा धडा यापुढेच आहे. मॅक्रो प्रोसेसर मजकूर भरतो, त्याला अर्थ कळत नाही. एक उदाहरण स्वतः कागदावर करून पाहा. 'वर्ग(क)' असे लिहिले की त्या जागी 'क × क' घालावे, अशी व्याख्या केली. वर्ग(५) चे '५ × ५' झाले, उत्तर २५. ठीक. आता वर्ग(२ + ३) लिहा. २ आणि ३ मिळून ५, तेव्हा उत्तर २५ यायला हवे. पण प्रोसेसर आधी बेरीज करीत नाही. तो 'क' च्या जागी मजकूर जसाच्या तसा ठेवतो : '२ + ३ × २ + ३'. गुणाकार आधी करायचा हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून २ + ६ + ३, म्हणजे उत्तर येते ११! यंत्राने आज्ञेत कसूर केली नाही, कंपायलरनेही तक्रार केली नाही, तरी उत्तर चुकले. उपाय सोपा आहे. व्याख्येतच कंस घालावेत : '(क) × (क)'. पण कंस का हवेत हे ज्याला समजले, त्यालाच ते घालण्याचे सुचते.

दुसरी अडचणही अशीच. कंपायलर पाहतो तो विस्तारलेला मजकूर. तेथे चूक सापडली की प्रोग्राम लिहिणाऱ्याने कधी न लिहिलेल्या मजकुराबद्दल त्याला तक्रार ऐकावी लागते. विस्तार कसा होतो हे ज्याने समजून घेतलेले नाही, तो अशा वेळी गोंधळून जातो. या कारणांमुळे पुढील भाषांनी मॅक्रोंचा वापर आवरता घेतला. 'सी प्लस प्लस' भाषेत मॅक्रोंना अधिक सुरक्षित पर्याय दिले गेले आणि १९९५ साली आलेल्या 'जावा' भाषेत असा प्रीप्रोसेसर ठेवलाच नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. मुलगा किंवा मुलगी उत्तरे घडाघडा म्हणून दाखवते आणि आपण समाधानाने मान डोलावतो. पाठांतराला आपल्याकडे मान आहे आणि तो असलाच पाहिजे. हाफिजांच्या स्मरणशक्तीमुळे कुराणशरीफ पिढ्यान् पिढ्या जतन झाले, ही आपली अभिमानाची गोष्ट आहे. तरीही जतन करणे आणि समजून घेणे ही दोन कामे आहेत, आणि शाळेच्या अभ्यासात दुसऱ्यावाचून पहिले अपुरे आहे. नुसते पाठ केलेले उत्तर म्हणजे जागा भरणे. प्रश्न थोडा फिरवून विचारला की २५ च्या जागी ११ येतात. आज तर मागितल्याबरोबर संपूर्ण प्रोग्राम लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. ती खुशाल वापरावीत. पण मिळालेले उत्तर २५ आहे की ११, हे ओळखण्याची जबाबदारी ज्याची त्यालाच उचलावी लागेल.

म्हणून पालकांना एकच विनंती. आज रात्री जेवण झाल्यावर मुलांना 'किती गुण मिळाले?' असे न विचारता 'हे असे का होते, मला समजावून सांग' असे विचारा. आपण स्वतः शिकलेले नसलो तरी हा प्रश्न आपल्याला विचारता येतो. निकाहनाम्याचा फॉर्म कितीही सुबक छापलेला असो, मेहेरची रक्कम चुकली तर ते फॉर्मला कळत नाही. काझीसाहेब नीट विचारून घेतात आणि साक्षीदार ऐकतात, म्हणूनच तो दस्तऐवज खरा ठरतो. आपली मुले अशी विचारून घेणारी आणि ऐकून समजणारी होवोत, हीच अल्लाहपाशी दुआ.