नव्या माणसाने बोलावे केव्हा?

गावच्या पारावर नवा माणूस येऊन बसला म्हणजे जुनी मंडळी थोडी सावरून बसतात. तो काय बोलतो यापेक्षा केव्हा बोलतो, इकडे त्यांचे लक्ष अधिक. घरात आलेली नवी सून घ्या, शाळेवर रुजू झालेला नवा मास्तर घ्या, नाहीतर ग्रामपंचायतीत प्रथमच निवडून आलेला सदस्य घ्या. हा पहिला काळ कोणालाच चुकलेला नाही. "जरा दमानं घ्या, आधी माणसं ओळखा," असे एकजण सांगतो. दुसरा हळूच म्हणतो, "आत्ता नाही बोललात तर मग तुम्हांला कोण विचारतंय?" गंमत अशी, की दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे असते.

श्रोतेहो, हाच प्रश्न पुणे शहरात एकदा फार मोठ्या माणसांपुढे उभा राहिला होता. त्याची हकिगत आज सांगावयाची आहे.

९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून कायमचे परत आले आणि मुंबईच्या बंदरात उतरले. तेव्हा त्यांचे वय ४५ वर्षांचे. वीसएक वर्षे परदेशात घालवलेली, सत्याग्रहाचा लढा चालवलेला, तुरुंगवास भोगलेला. त्यांना 'नवा माणूस' कसे म्हणावे, असे कोणालाही वाटेल. परंतु हिंदुस्थानच्या सार्वजनिक जीवनात ते नवेच होते. ज्यांना ते आपले राजकीय गुरू मानीत, त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांच्याकडून एक वचन घेतले. वर्षभर देश हिंडावयाचा, लोक पाहावयाचे, आणि उमेदवारीचे हे वर्ष संपेपर्यंत सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यावयाचे नाही. थोडक्यात, कान उघडे आणि तोंड बंद!

एवढ्या कर्त्या माणसाला अशी अट का घालावी? याचे उत्तर गांधीजींच्या चरित्रात शोधण्यापेक्षा गोखल्यांच्या चरित्रात शोधावे, असे मला वाटते.

गोखले मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, गुहागरजवळच्या कोतळूकचे. जन्म १८६६ चा. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षे चालले. तेव्हा आपल्या शिक्षक श्रोत्यांना ते घरचेच वाटावेत. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांनी बारा-तेरा वर्षे काढली. आकडे तपासणे, अर्जांचे मसुदे करणे, तेच मसुदे पुन्हा करणे, असली ती शाळा. इतकी तयारी झालेला माणूस बोलण्यात चुकणार नाही, असे आपण म्हणू. पण तोही चुकला.

१८९७ साली गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. इकडे पुण्यात प्लेगने कहर केला होता. घरोघर झडत्या चालू होत्या, गोरे सोजीर माजघरापर्यंत शिरत होते. लोक हवालदिल झाले होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्या सुमारास पुण्याच्या मित्रांची पत्रे गोखल्यांच्या हाती पडली होती. सोजिरांनी दोन बायकांवर अत्याचार केले व त्यांतल्या एकीने जीव दिला, असा मजकूर त्यांत होता. गोखल्यांनी तो विलायतेतल्या वर्तमानपत्राला सांगितला, आणि तिकडे मोठी खळबळ उडाली. जुलैअखेर ते मुंबईस परतले तेव्हा पुरावा मागण्यात आला. पुरावा मिळेना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करावीत तर तीच माणसे संकटात सापडावयाची. अखेर ऑगस्टमध्ये गोखल्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. सरकारी लोक हसले आणि आपले लोक चिडले. भित्रा म्हणून त्यांची संभावना झाली. वयाच्या ३१ व्या वर्षी बसलेला तो चटका ते विसरले नसावेत. त्यांनी केलेले गाऱ्हाणे सर्वस्वी खोटे होते असे नव्हे. झडत्यांत जुलूम झाला होता, हे सगळे शहर सांगत होते. परंतु जी विशिष्ट गोष्ट ते बोलले ती त्यांना सिद्ध करता येईना, आणि तिच्यापायी खरे गाऱ्हाणेही झाकले गेले.

पुण्यात असे त्याच्या आधीही घडले होते. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला तेव्हा टिळक आणि आगरकर दोघेही २४ वर्षांचे. थांबणे दोघांच्याही स्वभावात नव्हते! कोल्हापूरचे तरुण महाराज, चौथे शिवाजी, यांचा छळ होत आहे, अशा बातम्या आल्या. पत्रकर्त्यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर तुटून पडणारे लेख लिहिले आणि हाती आलेली पत्रेही छापली. ती पत्रे बनावट निघाली. बर्व्यांनी खटला भरला, आणि जुलै १८८२ मध्ये दोघांना चार चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तकच लिहिले.

आता यातली मेख पाहा. पत्रे खोटी होती, पण काळजी खोटी होती काय? १८८३ च्या डिसेंबरात त्याच महाराजांचा नगरच्या किल्ल्यात, त्यांच्यावर नेमलेल्या गोऱ्या सोजिराशी झालेल्या झटापटीत अंत झाला. म्हणजे या तरुणांनी धोका ओळखला होता, पण कागद पारखला नव्हता. शिवाय तुरुंगातून सुटल्यावर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, हेही सांगितले पाहिजे. घाईचे नुकसानच होते असे इतिहास म्हणत नाही. कधी कधी घाई माणसाला मोठे करते; पण मोठे होणे वेगळे आणि बरोबर असणे वेगळे.

येथे एक घरगुती गोष्ट सांगतो. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका खेड्यातल्या शाळेवर होतो. दर गुरुवारी निम्मा वर्ग ओस! दुसऱ्याच महिन्यात पालकांची सभा झाली. मी उभा राहिलो आणि शिक्षणाची गोडी नसलेल्या आईबापांना चांगले अर्धा तास सुनावले. सगळ्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले. सभेनंतर एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, गुरुवारी बाजार असतो. आया भाजीची पाटी घेऊन जातात. मग धाकटं पोर कुणी सांभाळायचं?" वर्गातली मोठी मुले घरी का राहतात, हे मी एकाही घरी जाऊन विचारले नव्हते. पुढे आम्ही गुरुवारची शाळा सकाळची केली, आणि मुले येऊ लागली. पण माझ्या त्या अर्ध्या तासाची आठवण गावाने बरीच वर्षे ठेवली. असो.

गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी, फर्ग्युसन कॉलेजच्या मागच्या टेकडीवर, भल्या पहाटे भारत सेवक समाजाची स्थापना केली. बरोबर तिघेच होते – द्रविड, देवधर आणि पटवर्धन. या संस्थेत शिरणाऱ्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. अभ्यास करावयाचा, देश पाहावयाचा आणि वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली काम शिकावयाचे. पाच वर्षे म्हणजे काही थोडीथोडकी नव्हेत. गांधीजींना घातलेली एका वर्षाची अट त्या मानाने सवलतच म्हणावी लागेल.

फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी पुण्यास समाजाच्या आवारात राहिले. समाजाचे सभासद व्हावे, ही त्यांचीही इच्छा होती. परंतु सभासदांना धास्ती वाटत होती. या माणसाची ध्येये आणि कामाच्या रीती आपल्याहून वेगळ्या, मग एकत्र नांदावयाचे कसे? गोखल्यांनी त्यांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. समाजाने घेवो वा न घेवो, मी तुम्हांला सभासदच समजतो, असे त्यांनी गांधीजींना सांगितले. गुजरातेत आश्रम काढणार असाल तर खर्चाची काळजी करू नका, असेही सांगून समाजाच्या वहीत त्यांच्या नावे खाते उघडावयास लावले. निरोपाची एक साधी बैठक ठरली होती. शिजवलेले काही नाही; भुईमुगाचे दाणे, खजूर, फळे, एवढेच. गोखले आजारी होते, तरी खोलीतून उठून तेथवर आले आणि त्यांना घेरी आली. त्यांना उचलून परत न्यावे लागले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप धाडला, की बैठक थांबवू नका.

१९ फेब्रुवारीस गोखले गेले. गांधीजी तेव्हा शांतिनिकेतनात होते. बातमी कळताच ते पुण्यास धावले. समाजाची धुरा आता श्रीनिवास शास्त्री यांच्याकडे आली होती. शास्त्रीही मूळचे मद्रासकडचे शाळामास्तर. सभासदांत पुन्हा तीच चर्चा झाली आणि मते दुभंगली. तेव्हा गांधीजींनी आपण होऊन अर्ज मागे घेतला. आपल्यापायी संस्थेत फूट नको, हे त्यांचे म्हणणे. वचन ज्यांना दिले ते आता उरले नव्हते, आणि संस्थेने दारही उघडले नव्हते. कोणी म्हणाले असते, आता कशाला पाळता? त्यांनी ते पाळले.

ते वर्ष त्यांनी कसे काढले, हे पाहण्यासारखे आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून ते हिंडले. राजकोट, कलकत्ता, रंगून, हरिद्वारचा कुंभमेळा, मद्रास. डब्यातली घाण, धर्मशाळांची दशा, तीर्थांवरची लूट, सारे त्यांनी गर्दीत उभे राहून पाहिले. मे महिन्यात अहमदाबादेजवळ कोचरबला आश्रम सुरू केला. मौन म्हणजे हात बांधून बसणे नव्हते, हेही लक्षात घ्यावे. वढवाण स्टेशनावर मोतीलाल नावाचे एक शिंपी त्यांना भेटले आणि वीरमगामच्या जकातनाक्यावर प्रवाशांचे कसे हाल होतात ते सांगू लागले. गांधीजींनी ते ऐकून सोडून दिले नाही. माहिती गोळा केली, कागद जमवले, सरकारकडे लिहिले. पुढे १९१७ मध्ये ती जकात उठली. म्हणजे त्या वर्षात गप्प होते ते देशाच्या मोठमोठ्या प्रश्नांवरचे मत. डोळ्यांसमोरच्या अडल्यानडल्याचे काम गप्प नव्हते.

परंतु याच पुण्यात 'थांबा' या शब्दाचा दुसराही इतिहास आहे, तो सांगितल्यावाचून ही कथा एकांगी होईल. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा ते २१ वर्षांचे होते, सावित्रीबाई तर १७ वर्षांच्या. त्यांनाही थांबावयास सांगणारे कमी नव्हते. त्या थांबण्याला मुदत नव्हती. एक वर्ष नाही, पाच वर्षे नाही. कधीच नाही, असा त्याचा अर्थ होता. जोतीराव थांबले असते तर शाळा कोणत्या साली निघाली असती, कोण जाणे. आजही आरक्षित जागेवर निवडून आलेल्या एखाद्या बाईला ग्रामसभेत "ताई, तुम्ही नव्या आहात, आधी ऐका," असे पाच वर्षे ऐकवले जाते, आणि तेवढ्यात मुदत संपते. त्या सांगण्याला गोखल्यांचे नाव देऊ नये. गोखल्यांनी सांगितलेल्या थांबण्याला शेवटची तारीख होती, आणि सांगणारा माणूस नव्याच्या पाठीशी उभा होता, खर्चापासून सगळे पुरवीत होता. शिवाय आधी त्याने स्वतःचे बोट भाजून घेतले होते.

आता त्या वर्षाअखेर काय झाले ते सांगून आटोपते घेतो. 'हिंद स्वराज्य' हे गांधीजींचे पुस्तक १९०९ सालचे. १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले असता त्यांनी त्याचे भाषांतर पाहिले. त्यांना ते इतके कच्चे वाटले, की हिंदुस्थानात एक वर्ष काढल्यावर गांधी आपण होऊनच हे पुस्तक फाडून टाकतील, असे ते म्हणाले. वर्ष सरले. पुस्तक काही फाडले गेले नाही. गुरूचा हा अंदाज साफ चुकला! देश पाहून गांधीजींची मूळ मते मवाळ झाली नाहीत.

फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारसला हिंदू विश्वविद्यालयाचा समारंभ होता. राजेमहाराजे हिऱ्यामोत्यांनी नटून आले होते, व्यासपीठावर ॲनी बेझंटबाई होत्या. गांधीजी बोलावयास उभे राहिले. या पवित्र नगरीत आपल्याच लोकांपुढे परक्या भाषेत बोलावे लागते याची लाज वाटते, असे ते म्हणाले. विश्वनाथाच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांतली घाण, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात कोठेही थुंकणारे प्रवासी, अंगभर दागिने घातलेले राजे आणि तो पैसा ज्यांच्या घामातून येतो ते शेतकरी, हे सगळे त्यांनी एकामागून एक मांडले. बेझंटबाईंनी मध्येच थांबावयास सांगितले. श्रोत्यांतून "बोलू द्या, बोलू द्या," असा आवाज उठला. राजेलोक उठून जाऊ लागले, अध्यक्षही उठले, आणि भाषण अर्धेच राहिले.

त्या भाषणावर पुष्कळांनी टीका केली. पण गल्ल्यांत घाण नव्हती, की डब्यात लोक थुंकत नव्हते, असे मात्र एकालाही म्हणता आले नाही.