टिफनीची पेढी आणि राहून गेलेली अंगठी

टिफनीची पेढी मुळात सराफी पेढी नव्हती. १८ सप्टेंबर १८३७ रोजी चार्ल्स लुईस टिफनी आणि जॉन यंग यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर दुकान उघडलं, ते लेखनसाहित्य आणि शोभेच्या वस्तूंचं. पहिल्या दिवशीचा गल्ला ४ डॉलर ९८ सेंट. चांदी नंतर आली. १८५१ मध्ये जॉन मूर यांचा कारखाना पेढीसाठी घडाई करू लागला आणि हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी हा टंच पेढीने पक्का केला. या मूरचा मुलगा एडवर्ड हाच पेढीचा खरा कलावंत, असं माझं मत. पाटीवर नाव मालकाचं राहिलं. पेढ्यांत हे चालायचंच.

एडवर्ड मूरला जपानी वस्तूंचा नाद होता, आणि काळही जुळून आला. १८७६ मध्ये जपान सरकारने सामुराईंना तलवार बाळगायला बंदी केली. मुठींवर आणि तलवारीच्या चकत्यांवर पिढ्यान् पिढ्या नक्षी करणाऱ्यांचं गिऱ्हाईकच गेलं. त्याच सुमारास क्रिस्टोफर ड्रेसर हा ब्रिटिश रचनाकार जपानला गेला आणि टिफनीसाठी वस्तू खरेदी करून आला.

मूरने उचललेल्या जपानी तंत्रांत मोकुमे-गाने होतं. सतराव्या शतकात अकिता प्रांतातल्या शोआमी देन्बेई (१६५१–१७२८) या कारागिराच्या नावावर ते आहे. तांबं, चांदी, थोडं सोनं घातलेलं तांबं, चांदी मिसळलेलं तांबं अशा पत्र्यांची चळत रचायची, दाबून धरायची आणि वितळायच्या अलीकडे तापवायची. डाख नाही, पत्रे एकमेकांत जिरून एकजीव होतात. मग चळत ठोकून पातळ करायची, वरून खाचा कोरायच्या आणि पुन्हा सपाट करायची. खाचेतून खालचे थर वर येतात, चिरोट्याचे पदर सुटावेत तसे, आणि पत्र्यावर लाकडाच्या रेषा उमटतात. आच जरा वाढली की सगळा गोळा. कमी पडली तर ठोकताना पदर सुटतात.

१८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात टिफनीच्या चांदीकामाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, त्यात या जपानी वळणाच्या कामाचा वाटा मोठा. इंग्लंडच्या चांदीकारांना असं काम करणं अवघड होतं. चांदीवर हलका धातू चढवला तर तिथल्या कायद्याने शिक्का मिळत नसे. अमेरिकेत तशी आडकाठी नव्हती.

आणि १८८६ मध्ये याच पेढीने सहा नख्यांवर एकच हिरा उचलून धरणारी अंगठी काढली. साखरपुड्याची अंगठी म्हटलं की जगभर आज तीच डोळ्यांसमोर येते. नक्षीचा धातू आणि वाङ्‌निश्चयाची अंगठी, दोन्ही एकाच छताखाली. पण नाव झालं ते साध्या कडीचं. १८९१ मध्ये मूर गेला, त्याचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेला.

या नक्षीची आणि अंगठीची जोडी जमवली ती पेढीबाहेरच्यांनी. हिरोको आणि जीन पिजानोव्स्की या दांपत्याने जपानात शिकून १९७० च्या दशकात हे तंत्र अमेरिकेत शिकवलं आणि त्यानंतरच्या सोनारांनी ते अंगठीवर आणलं. तांबं घामाने बोट हिरवं करतं, म्हणून त्याच्या जागी लाल सोनं, पांढरं सोनं, पॅलेडियम असे धातू आले. काहीजण पीळ दिलेली कांब मधोमध चिरून ती फाकवत फाकवत कडं करतात. मग सांधाच राहत नाही.

इकडे नगरजवळच्या केडगावात साखरपुड्याची अंगठी ठरते ती वजन, कॅरेट आणि घडणावळ विचारून. मोडीत काय येईल हाही प्रश्न असतोच. तीन धातू एकजीव झालेल्या अंगठीचा टंच काय सांगायचा, हे नगरच्या सराफ बाजारातल्या मुरलेल्या सोनारालाही कोडंच पडेल. शिवाय अंगठी घट्ट झाली म्हणून कापून तुकडा जोडावा, तर नक्षी तिथेच तुटते. तेव्हा अशी अंगठी घडवायला टाकण्याआधी बोटाचं माप दुपारी, हात जरा सुजलेला असताना, एकदा तरी पुन्हा घेतलेलं बरं.